राबत्या गाड्यांचा वारसा : जुन्या मोटारींची प्रदर्शने, मालकांचे क्लब आणि कोकणचा किनारा

जुन्या मोटारींची प्रदर्शने आणि त्यांच्या मालकांनी चालवलेले क्लब हा विषय मराठीत आजवर बहुतांशी वर्तमानपत्री छायाचित्रांपुरता राहिला आहे. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी मुंबईत हॉर्निमन सर्कलपाशी चकचकीत गाड्या रांगेने उभ्या राहतात, हौशी मंडळी त्यांच्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेतात, दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्यांतली दोनतीन छायाचित्रे छापून येतात आणि विषय तिथेच मिटतो. परंतु कोणती गाडी जपायची आणि कोणती भंगारात घालायची हे ठरवताना समाज आपल्या श्रमांचा, संपत्तीचा आणि आठवणींचाही हिशेब मांडत असतो. म्हणून या मेळाव्यांकडे केवळ श्रीमंतांचा छंद म्हणून पाहणे अपुरे ठरते. गेल्या साठ वर्षांत मालकांचा वर्ग रुंदावला, गाड्यांची यादी लांबली, संस्थानिकांच्या रोल्स रॉइसशेजारी लुना उभी राहू लागली, हे खरेच. पण ज्या गाड्यांनी पोटापाण्यासाठी रस्त्यावर आयुष्य काढले त्यांना या वारशात अजूनही जागा मिळालेली नाही, आणि त्याचे कारण हौशी लोकांच्या आवडीनिवडीत जितके आहे तितकेच कायद्याच्या रचनेतही आहे, हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन तपासून पाहण्यासाठी नाटे या गावाकडून विषयाकडे पाहणे उपयोगाचे ठरते. रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात, खाडीच्या मुखाजवळ, यशवंतगडाच्या आसऱ्याला वसलेले हे मासेमारीचे बंदर. या भागाचा मुंबईशी संबंध दीर्घकाळ समुद्रमार्गे होता. जैतापूरला आगबोट लागत असे आणि घाटमाथ्यावरच्या शहरांपेक्षा मुंबईच कोकणाला जवळची होती. अशा गावांत मोटार आली ती शोभेसाठी आली नाही. ती एस. टी. म्हणून आली, जीप म्हणून आली, मासळी आणि आंब्याच्या पेट्या वाहणारा टेम्पो म्हणून आली, आणि मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या चाकरमान्याच्या बोलण्यातून आली. राजवाड्याच्या मोटारखान्यातून सुरू होणारा मोटारींचा इतिहास आणि बंदराच्या धक्क्यावरून दिसणारा मोटारींचा इतिहास हे एकाच काळाचे असले तरी त्यांतली पात्रे वेगळी आहेत.

प्रारंभी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. जुन्या गाड्यांच्या जगात ‘व्हेटरन’, ‘व्हिंटेज’ आणि ‘क्लासिक’ हे शब्द सरमिसळ वापरले जात असले तरी क्लबांच्या व्यवहारात त्यांना ठरीव अर्थ आहेत. ब्रिटिश वर्गवारीनुसार १९०४ अखेरपर्यंतच्या मोटारी व्हेटरन, १९१९ ते १९३० या काळातल्या व्हिंटेज आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांतल्या क्लासिक मानल्या जातात. भारतातल्या मेळाव्यांनी थोड्याफार फरकाने हीच चौकट उचलली. १९६६ साली स्थापन झालेला ‘फिवा’ हा जुन्या वाहनांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ मात्र अशा कप्प्यांऐवजी एक साधी कसोटी लावतो: गाडी किमान तीस वर्षांची असावी, ऐतिहासिक दृष्ट्या योग्य स्थितीत राखलेली असावी आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरली जात नसावी. यांतली शेवटची अट वरवर निरुपद्रवी दिसते, पण रोज वापरात असलेली गाडी वारसा ठरू शकत नाही असा अर्थ तिच्यात दडलेला आहे, आणि पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ तिथेच सापडते.

मुंबईत मोटारी आल्या १८९८ साली. त्यांच्या पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा होते. १९०४-०५ च्या हिवाळ्यात ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संघटनेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी-दौड आयोजित केली, तेव्हा तिचा हेतू रस्त्यावर आणि हवामानात गाडी किती टिकते हे पाहण्याचा होता. १९१९ साली ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ स्थापन झाली. रस्त्यांचे नकाशे आणि वाटेत बंद पडलेल्या गाडीला मदत ही अशा संघटनांची कामे. म्हणजे मोटारमालकांच्या संघटनेचा आरंभ वर्तमानकाळाच्या गरजेतून झाला. भूतकाळ जपण्याची कल्पना नंतरची. इंग्लंडमध्येही हाच क्रम दिसतो. मोटारींच्या वेगावरचे जाचक निर्बंध उठले म्हणून १८९६ साली लंडनहून ब्रायटनला निघालेली दौड हा विजयाचा सोहळा होता, आणि १९२७ साली तीच दौड जुन्या गाड्या घेऊन पुन्हा काढली गेली तेव्हा त्याच वाटेवर स्मरणाचा सोहळा सुरू झाला. भारतात हे वळण यायला साठचे दशक उजाडले. ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत आणि १९६८ साली कोलकात्यात जुन्या मोटारींची रॅली सुरू केली आणि जुनी गाडी ही लोकांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहण्याची वस्तू झाली.

या रॅलींत ज्या गाड्या आल्या त्या आल्या कुठून, याचे उत्तर आयात-धोरणात आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता. परदेशातून सुटे भाग आणून इथे गाडी उभी करण्याची ती पद्धत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यामुळे ओळखल्या जाऊ लागलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनेही आरंभी अमेरिकी गाड्याच जुळवल्या. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवले की, ज्यांच्याकडे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे अशांनाच धंदा चालू ठेवता येईल. परिणामी परदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला आणि पुढची सुमारे तीस वर्षे देशातल्या मोटारींचे जग ॲम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड या तीन नावांत सामावले. नव्या परदेशी गाड्या येणे थांबल्यामुळे आधीच्या गाड्या मोडीत निघण्याऐवजी चालत राहिल्या. पुढे १९७१ साली संस्थानिकांचे तनखे रद्द झाले, अनेक राजघराण्यांनी मोटारखाने रिकामे केले, आणि परदेशी खरेदीदारांची रांग लागलेली पाहून सरकारने सत्तरच्या दशकात जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली. मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकांचे संग्रह या परिस्थितीत वाढले; त्यांनी अहमदाबादजवळ काठवाडा इथे शंभरावर मोटारी एकत्र आणल्या. गोव्याची गोष्ट थोडी निराळी. पोर्तुगीज अमलाखाली आयातीवर भारतासारखी बंधने नसल्यामुळे तिथे १९६१ पूर्वी जर्मन मोटारी सहज येत, आणि मुक्तीनंतर कित्येक वर्षे मर्सिडीज गाड्या तिथे चक्क भाड्याने धावत होत्या, जे मुंबईकराला नवलाचे वाटे.

टंचाईच्या त्या काळात क्लब म्हणजे केवळ हौशी लोकांची बैठक नव्हती. मुंबईत ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’सारख्या संस्थेचे सभासदत्व मिळणे ही एका परीने प्रतिष्ठेची खूण होती, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते सुट्या भागांच्या गुप्त बाजारात शिरण्याचे दार होते. कुणाच्या गोदामात कोणत्या मॉडेलचा कार्बोरेटर पडला आहे, ऑपेरा हाउसच्या कोणत्या दुकानदाराकडे जुन्या मापाचे बेअरिंग मिळते, कुर्ल्याच्या भंगारबाजारात कोणत्या गाडीचा डिफरन्शियल आला आहे, ही माहिती छापील स्वरूपात नव्हतीच. ती माणसांकडे होती आणि ती माणसे क्लबात भेटत. जो भाग कुठेच मिळत नसे तो घडवून घ्यावा लागे. पितळेचा बुश लेथवर कातणे, सिलिंडर हेडचे गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून कापणे, जुना पिस्टन दुसऱ्याच गाडीचा घेऊन सिलिंडर त्याच्या मापाने बोअर करणे, म्हणजे आतून कोरून मोठा करणे, ही कामे करणाऱ्या मिस्त्र्यांच्या जोरावर ही संस्कृती उभी राहिली. बक्षीस घेताना व्यासपीठावर मालक असे, मिस्त्री मात्र गाडी ऐनवेळी रुसू नये म्हणून तिच्या बॉनेटपाशी असे. या कारागिरांची नावे क्लबांच्या स्मरणिकांत शोधूनही फारशी सापडत नाहीत, आणि ही उणीव या क्षेत्राच्या इतिहासलेखनातली सर्वांत मोठी उणीव आहे.

नव्वदच्या दशकात बाजार खुला झाल्यानंतर बदलाला वेग आला. पहिला बदल दुचाकीवाल्यांनी घडवला. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात साठच्या दशकापासून १९९६ पर्यंत जावा आणि येझदी मोटारसायकली बनत. कारखाना बंद पडल्यावर त्यांच्या मालकांनी शहरोशहरी आपापले क्लब काढले, आणि जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साजरा होणारा ‘जावा दिन’ पुणे-मुंबईतही रूढ झाला. इथे सभासदत्वाला शिफारस लागत नाही, प्रवेशाला एक चालती गाडी पुरते, आणि ती बापाने किंवा काकाने वापरलेली असेल तर मान अधिक. त्यामागोमाग १९७२ साली आलेल्या दोन पुणेरी गाड्या, कायनेटिकची लुना आणि बजाजची चेतक, मेळाव्यांत दिसू लागल्या. ज्या चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली ती आता पाहण्यासाठी लोक रांग लावतात. फियाट ११०० चे पहिले गोल पाठीचे रूप, ज्याला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि १९७४ च्या सुमारास नवे नाव घेऊन आलेली तिची वंशज प्रीमियर पद्मिनी, यांचेही स्वतंत्र चाहते-गट झाले. माहितीचा गुप्त बाजार मोबाइलवर आला, त्यामुळे भागांची माहिती देण्याची क्लबाची मक्तेदारी संपली आणि क्लबाला अस्तित्वासाठी दुसरे प्रयोजन शोधावे लागले. इंग्लंडमध्येही असेच वळण दिसते: तिथे २०१४ साली सुरू झालेला ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’ हा मेळावा मुद्दाम सर्वसामान्य, एकेकाळी घरोघरी असलेल्या गाड्यांचाच भरतो.

दुसरा बदल बक्षिसांच्या निकषांत घडत आहे, आणि तो वरवर पाहता लक्षात येत नाही. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच इथे १९५० साली सुरू झालेल्या स्पर्धेने ‘काँकूर द एलेगन्स’ हा प्रकार, म्हणजे परीक्षकांपुढे गाड्या मांडून त्यांच्या रूपाला आणि अचूकतेला गुण देण्याची पद्धत, जगभर प्रतिष्ठित केली. भारतात २००८ साली मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर भरलेल्या कार्टिए स्पर्धेने तिला मोठे व्यासपीठ दिले. त्याआधीच्या भारतीय मेळाव्यांत चकाकीला सर्वाधिक मान होता. जितका रंग दाट, जितके क्रोम झगझगीत, तितके बक्षीस जवळ. त्यासाठी कित्येक गाड्यांचा मूळ रंग खरवडून काढला गेला, गंजलेल्या पत्र्याच्या जागी नवा पत्रा न जोडता तिथे लांबी भरली गेली; लांबी म्हणजे खड्डे बुजवण्यासाठी रंगारी वापरतात तो लेप. जाणता परीक्षक म्हणून मऊ फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक मडगार्डावरून फिरवतो. पत्रा असेल तिथे चुंबक ओढ घेतो, लांबी असेल तिथे तो निसटतो, आणि वर्षभराच्या पॉलिशखाली काय दडले आहे ते हाताला कळते. आता मात्र ‘जशी आहे तशी राखलेली’ गाडी असा स्वतंत्र वर्ग अनेक ठिकाणी मानला जाऊ लागला आहे. फिवाने स्वीकारलेली ट्यूरिन सनद हेच सांगते की, मूळ अंश शक्य तितका टिकवावा, केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी, आणि गाडी चालवणे हाही तिच्या जतनाचाच भाग समजावा. विटलेला रंग आणि झिजलेली सीट हाही दस्तऐवज आहे हे मान्य होणे ही या संस्कृतीतली प्रौढपणाची खूण म्हणता येईल.

परंतु ‘जशी आहे तशी’ हा आदर्श किनाऱ्यावर नेला की त्याची परीक्षा होते. समुद्राच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. पत्र्यावर बसलेले मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि त्या खाऱ्या ओलाव्यात लोखंडाचे गंजणे अनेक पटींनी वेग घेते. त्यात कोकणचा चार महिन्यांचा पाऊस आणि जांभ्याची बारीक तांबडी धूळ मिसळते. ही धूळ दरवाजाच्या खालच्या शिवणीत, मडगार्डाच्या आतल्या कडेत, मागच्या सीटखालच्या पत्र्यात जाऊन बसते आणि पाणी पिऊन ओली राहते, त्यामुळे गाडी बाहेरून धडधाकट दिसत असताना आतून सडत जाते. गाडीवर ताडपत्री घालून ठेवली तर ती सुरक्षित राहील हा समज इथे चुकीचा ठरतो, कारण ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते. वारा खेळता ठेवलेली छपराखालची गाडी अधिक टिकते. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या खालच्या अंगाला जळके ऑइल मारण्याची किनाऱ्यावरची रीत आहे. वापरून काळे झालेले इंजिन-ऑइल ब्रशने चेसिसला फासले की पाणी पत्र्याला लागत नाही. प्रदर्शनाच्या परीक्षकाला ही काळी, चिकट, धूळ धरलेली तळाची बाजू अस्वच्छ वाटेल. प्रत्यक्षात ती गाडी जगवण्याच्या स्थानिक शास्त्राचा पुरावा आहे.

बंदराजवळच्या गावांत इंजिनाचे ज्ञान मोटारींच्या संख्येच्या मानाने खूपच अधिक असते, याकडेही लक्ष वेधले पाहिजे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौका त्यांच्या इंजिनाच्या सिलिंडरच्या संख्येवरून ओळखल्या जातात. दोन सिलिंडरची, चार सिलिंडरची, सहा सिलिंडरची बोट असे बोलले जाते आणि तिची ताकद, तिचा डिझेलचा खर्च, तिची पोहोच हे सगळे त्या एका आकड्यात समजते. रस्त्यावरच्या वाहनांच्या जातकुळीची डिझेल इंजिने समुद्रात गेली तेव्हा खाऱ्या पाण्याने त्यांना थंड कसे राखायचे, कोणता भाग आधी खाल्ला जाणार, हे इथल्या मिस्त्र्यांनी अनुभवातून शिकून घेतले. कोणत्याही क्लबाच्या यादीत या कारागिरांचे नाव नसते, कारण क्लब गाडीच्या मालकीवर उभा आहे. पण एखादे पन्नास वर्षांचे इंजिन आवाजावरून ओळखून त्याचे टायमिंग बसवणारा माणूस शोधायचा झाला तर तो महानगरातल्या वातानुकूलित सर्व्हिस सेंटरपेक्षा एखाद्या बंदरावर सापडण्याचा संभव जास्त आहे.

आता कायद्याकडे वळणे भाग आहे, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी प्रवासी मोटारी यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीचे पाच हजार, आणि नोंदणी दहा वर्षे वैध. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते, नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी आणता येत नाही. या नियमांनी जुन्या गाड्यांच्या मालकांना दिलासा दिला, आणि क्लबांनी त्यासाठी केलेल्या पाठपुराव्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांवरील पर्यावरण कर, २०२१ चेच वाहन-मोडीत धोरण आणि दिल्लीतली जुन्या गाड्यांवरची बंदी या वातावरणात जुनी गाडी ही केवळ प्रदूषणाची बाब नव्हे हे कायद्याने मान्य करणे लहान गोष्ट नव्हती.

तथापि याच नियमांच्या दोन अटी बारकाईने पाहाव्या लागतात. पहिली अट मूळ रूपाची आहे: चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ज्या देशात तीस-चाळीस वर्षे सुटे भाग मिळत नव्हते, पेट्रोल परवडेना म्हणून जीपमध्ये आणि ॲम्बॅसेडरमध्ये डिझेल इंजिने बसवली गेली, तिथे फेरफार हाच गाडीच्या जगण्याचा इतिहास आहे. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलिज जीप जुळवायला सुरुवात केल्यापासून कोकणच्या कच्च्या रस्त्यांवर जी जीप राबली, तिच्या बॉनेटखाली मूळ पेट्रोल इंजिन आज असलेच तर ते अपवादाने. घाटात माल आणि माणसे ओढून आणणारी ती जीप नियमानुसार अस्सल ठरत नाही, आणि गोदामात उभी राहिलेली जीप ठरते. दुसरी अट वर्गाची आहे: दुचाकी आणि प्रवासी मोटारी सोडून इतर वाहनांचा या नोंदणीत समावेशच नाही. एस. टी. ची बस, मालट्रक, पुण्याच्या बजाज टेम्पोने गावोगाव पोचवलेला तीनचाकी टेम्पो, यांतले कोणतेही वाहन कितीही जुने झाले तरी व्हिंटेज होऊ शकत नाही.

मुंबईच्या टॅक्सीचे उदाहरण या विसंगतीवर सर्वाधिक प्रकाश टाकते. १९६४ साली फियाट ११०० डिलाइटपासून सुरू झालेली काळ्या-पिवळ्या फियाटची परंपरा पद्मिनीने पुढे चालवली. टॅक्सी संघटनांच्या सांगण्यानुसार नव्वदच्या दशकात शहरातल्या टॅक्सींची संख्या ६३ हजारांच्या आसपास गेली होती. १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच असलेला गिअर, पुढची अखंड सीट, टपावरचे कॅरियर आणि डाव्या बाजूला बाहेर बसवलेला यांत्रिक मीटर, ज्याचा आकडा पाहून चालक जुन्या दराचे नव्या दरात रूपांतर करणारे कार्ड दाखवी, ही सगळी रचना एका शहराच्या रोजच्या व्यवहाराने घडवली होती. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षे भरताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बेस्टची जुनी डिझेल दुमजली बसही थांबली होती. १९३७ पासूनची परंपरा तिथे संपली. एक तरी काळी-पिवळी पद्मिनी जतन करावी अशी मागणी मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. तिला यश आले नाही.

यातला हिशेब सरळ आहे. खासगी पद्मिनी पन्नास वर्षे बंगल्याच्या आवारात उभी राहिली तर ती आता व्हीए क्रमांक घेऊन रॅलीत जाऊ शकते, कारण १९७४ च्या पद्मिनींची पन्नाशी उलटली आहे. त्याच कारखान्यातून, त्याच इंजिनासह निघालेली पद्मिनी टॅक्सी मात्र विसाव्या वर्षीच कापली जाते, त्यामुळे पन्नासावे वर्ष तिच्या वाट्याला येतच नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू असा नसेल. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी आणि हवेसाठी धंद्याच्या गाड्यांना वयाची मर्यादा असणे योग्यच आहे. परंतु दोन स्वतंत्र आणि आपापल्या जागी समर्थनीय नियम एकत्र आले की त्यांतून वारशाची अशी चाळणी तयार होते जिच्यातून कमी वापरलेली गाडी तेवढी खाली उतरते आणि सर्वाधिक वापरलेली अडकून राहते. टॅक्सी चालवून ज्यांनी गावाकडची घरे बांधली, मुलांना शिकवले, अशा माणसांच्या श्रमांची वस्तू पुढच्या पिढीला हात लावून पाहता येणार नाही, आणि हे नुकसान छायाचित्रांनी भरून निघणारे नाही.

याला अपवाद म्हणावी अशी दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. कोल्हापूरच्या छत्रपतींची १९३० च्या दशकातली भगव्या रंगाची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात आजही राजघराण्याला घेऊन दसरा चौकात येते. ती राजवाड्याचीच गाडी, हे मान्य. पण तिचे जतन प्रदर्शनासाठी झाले नाही, दरवर्षीच्या एका कामासाठी झाले आहे, आणि म्हणून तिला पाहायला येणारा कोल्हापूरकर तिच्याकडे नवलाने पाहत नाही, आपलेपणाने पाहतो. दुसरे उदाहरण एस. टी. चे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, आणि तिच्या चाहत्यांनी स्थापन केलेल्या ‘बस फॉर अस फाउंडेशन’ या संस्थेने ‘वारी लालपरीची’ या फिरत्या प्रदर्शनातून तिचा इतिहास बसमध्येच मांडून आगारोआगारी नेला. यातल्या कुणाच्याही मालकीची बस नाही. मालकीशिवाय क्लब उभा राहू शकतो, प्रेम आणि माहिती एवढ्या भांडवलावर तो चालू शकतो, हे या गटाने दाखवून दिले; जुन्या मोटारींच्या क्लबांनी त्याची अद्याप पुरेशी दखल घेतलेली नाही.

क्लबांपुढचे आजचे प्रश्न यामुळे वेगळ्या क्रमाने मांडावे लागतात. सभासदांचे वाढते वय, शहरातल्या पार्किंगची अडचण, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या कार्बोरेटरांच्या रबरी नळ्या आणि गॅस्केटे लवकर खराब होण्याची भीती, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर चर्चा होते. त्यांच्याही आधी ज्यांची उत्तरे वेळेत शोधली पाहिजेत असे दोन प्रश्न मात्र मागे राहतात. पहिला, धंद्याच्या वाहनांचे निवडक नमुने मोडीत जाण्याआधी बाजूला काढून त्यांना वारशाची नोंदणी मिळावी यासाठी नियमांत बदल मागण्याचा. बेस्टचे आणिक आगारातले संग्रहालय आणि अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, रणगाडा संग्रहालय यांच्या रूपाने कामाची वाहने राखण्याची वाट महाराष्ट्रात आधीच घालून दिलेली आहे. दुसरा, मिस्त्री, डेंटर, लेथ चालवणारे आणि सीटा शिवणारे यांच्या हातातले ज्ञान नोंदवून ठेवण्याचा. कुर्ल्याच्या गल्लीत असो वा नाट्याच्या बंदरावर, हे ज्ञान बहुतेक ठिकाणी साठी ओलांडलेल्या माणसांकडे आहे आणि त्यांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले आहेत. त्यांची नावे, त्यांनी कुणाकडे काम शिकले, कोणत्या गाडीवर कोणता उपाय शोधला, कोणते हत्यार स्वतः घडवले, ही माहिती मराठीत त्यांच्याच शब्दांत लिहून घेणे हे काम महागडी गाडी विकत घेण्यापेक्षा स्वस्त आहे, आणि ते करायला क्लबाचा सभासद असण्याची अट नाही.